आईची बाज कुठे टाकायची?

किल्लारीच्या भूकंपानंतर जी नवी गावं वसली, त्यांत कुणाला केवढं घर मिळणार हे सातबाऱ्यावरून ठरलं. भूमिहीन आणि एक हेक्टरपर्यंत जमीन असलेल्यांना २५० चौरस फूट, एक ते सात हेक्टरवाल्यांना ४०० आणि त्यावरच्यांना ७५०. हजारो कुटुंबं उघड्यावर असताना शासनाला कुठलं तरी एक माप हवंच होतं. जमिनीचा कागद तलाठ्याच्या दप्तरात होता, त्यावर वाद कमी झाले असते, म्हणून ते माप निवडलं गेलं.

त्या मापात एक गोष्ट मात्र बसत नव्हती. घरात माणसं किती, त्यांतली म्हातारी किती, कुणी अंथरुणाला खिळलेलं आहे का, हे सातबारा सांगत नाही. अडीचशे चौरस फूट म्हणजे साधारण दहा बाय बाराच्या दोन खोल्या. शेतमजुराच्या घरात नवरा-बायको, दोन-तीन लेकरं, धान्याची पोती, चूल आणि ढिगाऱ्यातून वाचलेली म्हातारी आई. सहा बाय तीनची बाज टाकली की एका खोलीचा सातवा हिस्सा संपला. बाहेर टाकावी तर ऊन-पाऊस, आत टाकावी तर रात्री इतरांनी पाठ कुठे टेकायची?

पुनर्वसनाच्या अहवालांत हा प्रश्न या शब्दांत सापडत नाही. घर गमावलेल्या आणि म्हातारे आई-बाप सोबत असलेल्या प्रत्येक कुटुंबाला मात्र तो पहिल्या दिवसापासून सोडवावा लागतो. मराठवाड्यातल्या त्या गावांनी तो कसा सोडवला आणि कुठे तो तसाच राहिला, हे पाहणं आजही गरजेचं आहे, कारण दर दोन-तीन वर्षांनी महाराष्ट्रात कुठलं ना कुठलं गाव नव्याने उभं करावं लागतं आहे.

माळवदाखालचं जग

३० सप्टेंबर १९९३. आदल्या दिवशी अनंत चतुर्दशी होती. गणपती बोळवून लोक उशिरा झोपले होते. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी धक्का बसला. तीव्रता ६.२, केंद्र जमिनीखाली फार खोल नाही. लातूर आणि तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात सरकारी नोंदीनुसार ७,९२८ माणसं दगावली. किल्लारी, सास्तूर, होळी, मंगरूळ, तळणी, राजेगाव, पेठसांगवी ही नावं एका दिवसात देशभर पोहोचली. हा भाग तोवर भूकंपाचा सर्वांत कमी धोका असलेल्या पट्ट्यात गणला जात होता. १९९२ च्या ऑगस्ट ते ऑक्टोबरात किल्लारीला धक्के जाणवले होते, लोक काही दिवस बाहेर झोपलेही होते. मग धक्के थांबले आणि सगळे पुन्हा माळवदाखाली गेले.

माळवदाचं घर या भागाच्या हवामानाला चोख उत्तर होतं. मातीत रचलेल्या दगडांच्या दोन-अडीच फूट जाड भिंती, लाकडी खांब-तुळयांवर फळ्या आणि वर फूट-दीड फूट मातीचा थर. बाहेर उन्हाळा चाळिशी ओलांडून गेला तरी आत गारवा. पण त्याच मातीचं वजन त्या पहाटे काळ झालं. भिंतीच्या दोन थरांमध्ये बांधून धरणारा दगड नव्हता, त्या फुगून फुटल्या आणि टनावारी माती झोपलेल्या माणसांवर आली.

या घरात म्हाताऱ्यांची जागा ठरलेली असे. दारातून आत आलं की ढेळज. दोन्ही बाजूंना बसायचे कट्टे, वर छप्पर, समोर गल्ली. घरातला कर्ता म्हातारा तिथे बसे. येणारा-जाणारा 'राम राम' घालून जाई, कुणाच्या शेतात काय पेरलं, कुणाचं जनावर आजारी आहे, सगळं तिथे बसल्याबसल्या कळे. म्हातारीची बाज आत, माजघरात, चुलीपासून हाताच्या अंतरावर. डाळ निवडणं, पाळण्याची दोरी ओढणं, सुनेला मीठ-मसाल्याचा अंदाज सांगणं ही कामं बसून होत. शेजारच्या घराची भिंत सामाईक, त्यामुळे रात्री खोकल्याचा आवाज वाढला तरी पलीकडून विचारणा होई. गल्ली अरुंद होती, पण त्या अरुंद गल्लीमुळेच गुडघे दुखणाऱ्या माणसालाही देऊळ, पार, पिठाची गिरणी आणि नात्यातली चार घरं आपल्या पायांनी गाठता येत होती.

घर पडलं तेव्हा ही व्यवस्थाही पडली. भरपाईच्या यादीत भांडी-कपडे आले, जनावरं आली. ढेळज कुणी लिहिली नाही.

पत्र्याखालचे हंगाम

भूकंपानंतरच्या दिवसांत पाऊस कोसळत होता. सैन्य, स्वयंसेवी संस्था, राज्यभरातून आलेली माणसं चिखलात ढिगारे उपसत होती. मग पत्र्याची शेड उभी राहिली. कायमची घरं ताब्यात यायला बहुतेकांना दोन-तीन वर्षं लागली, तेवढे उन्हाळे आणि हिवाळे लोकांनी पत्र्याखाली काढले.

तरण्या माणसाला पत्र्याची शेड म्हणजे रात्रीपुरतं छप्पर. दिवसा तो शेतात किंवा कामावर असतो. म्हाताऱ्याला मात्र दिवसही तिथेच काढायचा असतो. दुपारी पत्रा तापतो तेव्हा शेडच्या आत बसवत नाही आणि सावली शोधत फिरायला पाय साथ देत नाहीत. वय वाढतं तशी घाम येण्याची, तहान जाणवण्याची शरीराची ताकद कमी होते. रक्तदाबाच्या किंवा लघवी होण्याच्या गोळ्या चालू असतील तर शरीरातलं पाणी आणखी लवकर घटतं. म्हणून अशा शेडमध्ये म्हाताऱ्या माणसाची काळजी म्हणजे आधी पाण्याची काळजी: तांब्या हाताला लागेल असा ठेवणं, तासातासाने दोन घोट पाजणं, ओलं फडकं अंगावर टाकणं. ही कामं कुठल्याही शिबिराच्या नोंदवहीत चढत नाहीत. ती बहुतेक वेळा सून किंवा लेक करते, आणि ती करायची म्हणून तिची मजुरी बुडते.

या बुडालेल्या मजुरीचं प्रमाण किती असू शकतं, याचा अंदाज राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९ च्या वेळ-वापर पाहणीतून येतो. घरच्यांची विनामोबदला काळजी घेणाऱ्या बाया त्या कामावर दिवसाला सरासरी १३४ मिनिटं घालवत होत्या, तर असं काम करणारे पुरुष ७६ मिनिटं. स्वयंपाक, पाणी, धुणं-भांडी वेगळीच: बायांची २९९ मिनिटं, पुरुषांची ९७. हे आकडे घर जागेवर असतानाचे आहेत. घर गेल्यावर नळ, चूल, मोरी, शेजार सगळं एकाच वेळी जातं, आणि ही मिनिटं कुठून काढायची ते त्या बाईलाच ठाऊक.

रुंद रस्ते, लांब पल्ले

जागतिक बँकेच्या कर्जातून राबवलेल्या पुनर्वसन कार्यक्रमात ५२ गावं मूळ जागेवरून हलवून नव्याने वसवली गेली. सुमारे २८ हजार कुटुंबांना तिथे घरं मिळाली. ज्या गावांत नुकसान कमी होतं, तिथे जवळपास दोन लाख घरांची दुरुस्ती किंवा मजबुतीकरण मालकांनी स्वतः, सरकारी साहाय्य घेऊन केलं. एवढ्या प्रमाणावर ग्रामीण घरबांधणी देशात त्याआधी क्वचितच झाली असेल, आणि ती करणाऱ्या प्रशासनाचं, संस्थांचं आणि गावकऱ्यांचं श्रेय मान्य करूनच पुढचं बोललं पाहिजे.

नवी गावं आखताना भीती समोर होती. अरुंद गल्ल्यांत ढिगारे पडले, सुटकेची वाट उरली नाही, म्हणून नवे रस्ते रुंद, घरं सुटी, आखणी सरळ रेषांची. गाव जुन्या गावठाणाच्या कितीतरी पट पसरलं. ज्यांनी या गावांचा पुढे अभ्यास केला, त्यांत आपत्ती आणि वारसा-संवर्धन यांचे अभ्यासक रोहित जिज्ञासू आहेत. शहरी वळणाच्या या आखणीचा गावाच्या रोजच्या जगण्याशी मेळ बसला नाही, हे त्यांनी आणि इतर अभ्यासकांनी वारंवार दाखवलं. अनेक ठिकाणी घरांच्या रांगा आकारमानाप्रमाणे लागल्या. अडीचशे फुटांची एका बाजूला, साडेसातशे फुटांची दुसऱ्या बाजूला. भाऊबंदकी, आळी, सोयरीक यांच्या ओळखीने बांधलेलं गाव चौरस फुटांच्या हिशेबाने पुन्हा वाटलं गेलं.

एकत्र कुटुंबातल्या दोन भावांच्या नावावर स्वतंत्र जमीन असेल तर दोन घरं मिळाली आणि तीही शेजारी असतीलच असं नाही. मग आई कुणाकडे? जुन्या वाड्यात हा प्रश्न उठत नव्हता, कारण आई 'घरात' राहत होती, कुणाकडे राहत नव्हती. नव्या गावात ती एकाच्या पत्त्यावर आली. दुसऱ्याच्या घरी जेवायला जायचं तर रुंद, बिनझाडाचा रस्ता उन्हात ओलांडायचा. साठीच्या माणसाला हे अंतर काहीच नाही, ऐंशीच्या माणसाला ते गावाबाहेर जाण्याएवढं आहे. किल्लारीचं जुनं दैवत नीळकंठेश्वर, तेही जुन्या गावातच राहिलं. रोजच्या दर्शनाची सवय असलेल्यांना आता कुणीतरी गाडीवरून नेईल तेव्हाच देव दिसणार होता.

सगळीकडे सारखंच झालं असं नाही. बाणेगाव हे गाव 'मल्याळ मनोरमा'च्या वाचकांनी दिलेल्या देणगीतून उभं राहिलं. त्यासाठी वास्तुविशारद लॉरी बेकर यांचा सल्ला घेण्यात आला होता. तिथे सरळ रांगांऐवजी घरांचे लहान गट आणि मध्ये सामाईक मोकळी जागा असा विचार झाला. गुबाळमध्ये घुमटाकार घरं बांधली गेली. ती भूकंपाला भक्कम होती, पण गोल भिंतीला बाज, कणगी, कपाट लावायचं कसं, हा संसाराचा प्रश्न घुमटाने सोडवला नाही.

लोकांनी मग स्वतःच उपाय केले. नव्या घराच्या पुढे पत्र्याची पडवी काढली, बाजूला कूड घालून गोठा आणि चूल बाहेर नेली, ओट्यावर छप्पर ओढलं. बाहेरच्या पाहुण्याला ते अतिक्रमणासारखं दिसे. नीट पाहिलं तर ती ढेळज होती, जमेल त्या सामानातून पुन्हा बांधलेली. बऱ्याच घरांत म्हाताऱ्यांची बाज शेवटी तिथेच स्थिरावली.

एक पायरी, एक मोरी

वृद्धांच्या दृष्टीने घराची परीक्षा मोठ्या गोष्टींत होत नाही. दारातली पायरी नऊ इंच उंच असेल तर संधिवात असलेल्या म्हातारीला ती चढायला भिंतीचा किंवा माणसाचा आधार लागतो. संडास घराच्या मागे असेल आणि रात्री दिवा नसेल, तर ती संध्याकाळी पाचनंतर पाणीच पिणं सोडते. उकिडवं बसता येत नसेल तर चांगला बांधलेला संडासही तिच्या उपयोगाचा नाही. नव्या गावांतल्या कित्येक संडासांत पुढे गोवऱ्या आणि जळण साठवलं गेलं, कारण त्यात ओतायला पाणी नव्हतं. त्या घरांत म्हाताऱ्या माणसांना अंधारात हात धरून बाहेर न्यावं लागे. नेणारीचं स्वतःचं दिवसभराचं काम झालेलं असे, आणि पहाटे चारला तिला पुन्हा उठायचं असे.

इथे खर्च फारसा नाही. पायरीऐवजी उतार, भिंतीला पकडायला लोखंडी नळी, खाली भोक पाडलेली लाकडी खुर्ची, दोन फुटांऐवजी अडीच फुटांचं मोरीचं दार. गावातला सुतार आणि गवंडी हे दोन दिवसांत करून देऊ शकतात. पण ते घर बांधतानाच सुचायला हवं, आणि सुचण्यासाठी आराखडा करणाऱ्यासमोर ती म्हातारी किंवा तिला सांभाळणारी सून बसलेली हवी.

अशा बायांना समोर बसवण्याचं काम एका संस्थेने मनापासून केलं. प्रेमा गोपालन यांच्या 'स्वयं शिक्षण प्रयोग'ने दुरुस्ती कार्यक्रमाच्या गावांत 'संवाद सहायक' म्हणून बायकांना पुढे आणलं. हजाराहून अधिक गावांत या बाया सरकारी अभियंता आणि गावकरी यांच्यातला दुवा बनल्या. सिमेंट कितीला, भिंतीत लोखंडी सळई कुठे, अनुदानाचा हप्ता का अडला, हे त्या विचारू लागल्या. त्याच काळात अणदूरला डॉ. शशिकांत आणि डॉ. शुभांगी अहंकारी यांच्या हॅलो मेडिकल फाउंडेशनने गावातल्या कमी शिकलेल्या बायकांना 'भारतवैद्य' म्हणून तयार केलं. रक्तदाब मोजणं, जखम धुणं, कुणाला दवाखान्यात न्यायला हवं ते ओळखणं, एवढं गावातच होऊ लागलं. ज्या घरात म्हातारं माणूस आहे त्या घराला याचा अर्थ फार मोठा होता: दर वेळी एक दिवसाची मजुरी मोडून तालुक्याला जाण्याची गरज उरली नाही.

कोबेने दिलेला धडा

किल्लारीनंतर सव्वा वर्षाने, १७ जानेवारी १९९५ च्या पहाटे, जपानमधलं कोबे शहर हादरलं. ६,४३४ माणसं गेली. मृतांमध्ये निम्म्याहून अधिक साठीच्या वरची होती, कारण जुन्या लाकडी घरांत मुख्यतः तीच राहत होती. जपानने वृद्धांचा विचार केला नाही असं म्हणता येणार नाही. उलट तात्पुरत्या घरांच्या सोडतीत वृद्धांना आणि अपंगांना प्राधान्य दिलं गेलं. हेतू निर्मळ होता. झालं असं, की एकेका वस्तीतून वृद्ध तेवढे उचलले जाऊन शहराबाहेरच्या अनोळखी वसाहतींत गेले. शेजारी म्हणजे दुसरे तेवढेच थकलेले, अनोळखी वृद्ध. या तात्पुरत्या घरांत एकाकी मृत्यू होऊ लागले. माणूस गेल्याचं कुणाला दिवसेंदिवस कळत नसे. वसाहती रिकाम्या होईपर्यंत अशा मृत्यूंचा आकडा २३३ वर गेला.

जपानने त्यातून शिकून बदल केला. २००४ मध्ये निगाता भागात भूकंप झाला तेव्हा यामाकोशी गावच्या लोकांना वाडी-वाडीने, शेजाराला शेजार धरून, तात्पुरत्या घरांत हलवण्यात आलं. दारोदार जाऊन विचारपूस करणाऱ्या कार्यकर्त्यांची पद्धत पक्की झाली.

पण धडा एकदा शिकून संपत नाही. २०११ च्या फुकुशिमा अणुदुर्घटनेनंतर मिनामिसोमा शहरातल्या वृद्धाश्रमांतून रहिवाशांना घाईघाईने हलवावं लागलं. पुढे झालेल्या अभ्यासात, हलवल्यानंतरच्या काळात त्यांच्यातलं मृत्यूचं प्रमाण आधीच्या तुलनेत २.७ पट आढळलं. किरणोत्सर्गाने त्यांना मारलं नव्हतं. लांबचा प्रवास, बदललेलं जेवण, हुकलेली औषधं, आणि आपल्या सवयी माहीत असलेली परिचारिका सोबत नसणं, यांनी ते घडलं होतं. कुठल्या आजीला पाणी घट्ट करून पाजावं लागतं, कुठल्या आजोबांना डाव्या कुशीवरच झोप लागते, ही माहिती कागदावर फार कमी आणि सांभाळणाऱ्याच्या डोक्यात फार जास्त असते.

कोबे आणि किल्लारी यांत श्रीमंतीचं अंतर प्रचंड आहे. तरी दोन्हीकडे एकच गोष्ट दिसते. म्हातारपणी माणूस घराबरोबर शेजारावरही जगत असतो. घर वाटताना शेजार तुटला, तर त्याची भरपाई एकट्या सांभाळणाऱ्याच्या अंगावर येते.

कागद

घर पडतं तेव्हा ट्रंकही जाते, आणि ट्रंकेत कागद असतात. म्हाताऱ्या आईच्या वयाचा दाखला तर बहुधा आधीपासूनच नसतो. तिच्या नावाने काहीही मिळवायचं तर सुरुवात वयापासून. आज महाराष्ट्रात श्रावणबाळ सेवा राज्य निवृत्तिवेतन योजनेत ६५ वर्षांवरच्या गरीब वृद्धांना महिन्याला १,५०० रुपये मिळतात. त्यासाठी वयाचा आणि उत्पन्नाचा पुरावा, रहिवासाचा दाखला आणि बँकेचं खातं लागतं. बोटांचे ठसे झिजलेल्या हातांनी यंत्रावर ओळख पटवायची तर तेही सोपं नाही. प्रत्येक खेटा म्हणजे मुलाचा किंवा सुनेचा एक दिवस.

किल्लारी-सास्तूर भागात आणखी एक शब्द वर्षानुवर्षं ऐकू येतो: कबाला. नव्या गावातल्या घराचा हा मालकीहक्काचा कागद. घरं ताब्यात आली, संसार सुरू झाले, पण कित्येकांच्या हाती कबाला दशकं उलटली तरी पडला नव्हता. तोवर मूळ लाभार्थी वारला, मुलांच्या वाटण्या झाल्या, वारसनोंदीचे वाद लागले. कबाला नाही म्हणून घरावर कर्ज नाही, कर्ज नाही म्हणून गळकं छत तसंच. ज्या विधवा आईच्या नावावर घर असतं तिचा शब्द घरात चालतो. नाव कुणाच्याच कागदावर नसलं की तिचा आधार मुलांच्या मर्जीवर उरतो.

आई-वडिलांना न सांभाळणाऱ्यांसाठी कायदा आहे. २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यानुसार प्रांताधिकाऱ्याच्या पातळीवरच्या न्यायाधिकरणाकडे अर्ज करता येतो आणि दरमहा दहा हजारांपर्यंत निर्वाहखर्च मंजूर होऊ शकतो. सांभाळण्याच्या अटीवर लिहून दिलेलं घर, अट मोडली तर परत मिळवता येतं. लातूर जिल्हा परिषदेने २०२० मध्ये आणखी पुढे जाऊन, आई-वडिलांकडे दुर्लक्ष करणाऱ्या कर्मचाऱ्यांच्या पगारातून ३० टक्के रक्कम कापून ती पालकांच्या खात्यात टाकण्याचा निर्णय घेतला. अशा निर्णयांची गरज पडते हे दुःखद आहे, आणि असा निर्णय झाला हे चांगलंच आहे. पण पगार असलेल्याचाच पगार कापता येतो. ज्याचं घरच गेलं आहे, जो सांभाळायला तयार आहे पण ज्याच्याकडे जागा, पैसा आणि वेळ तिन्ही नाहीत, त्याच्यासाठी कायद्यात फारसं काही नाही. त्याला धाक नको आहे, हातभार हवा आहे.

माळीण, इर्शाळवाडी आणि पुन्हा धाराशिव

३० जुलै २०१४ च्या सकाळी आंबेगाव तालुक्यातल्या माळीणवर डोंगर आला. १५१ जण गाडले गेले. गाव दिसत नाही हे पहिल्यांदा एसटीच्या चालकाने पाहिलं. शेजारच्या आमडे गावाजवळ नवं माळीण वसवलं गेलं आणि एप्रिल २०१७ मध्ये घरं ताब्यात दिली गेली. इथे आखणी गावकऱ्यांशी बोलून झाली. शाळा, समाजमंदिर आणि जनावरांसाठी गोठा यांचाही विचार होता. किल्लारीच्या अनुभवानंतर हे पुढचं पाऊल होतं. तरीही पहिल्याच पावसाळ्यात भराव खचला, गटारं वाहून गेली, आणि ज्यांनी आधीच एकदा डोंगर खाली येताना पाहिला होता त्यांच्या पोटात पुन्हा गोळा आला.

१९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या कुशीतली ठाकरांची इर्शाळवाडी अशीच गेली. वाडीपर्यंत रस्ता नव्हता, मदतपथकं पावसात पायी वर चढली. वाचलेल्यांना चौक गावाजवळ कंटेनरच्या घरांत ठेवण्यात आलं. त्याआधी २०२१ मध्ये महाडच्या तळियेतही कंटेनरच आले होते. पत्र्याच्या शेडपेक्षा कंटेनर बरा: दार लागतं, पाऊस आत येत नाही. पण डोंगरावर उघड्या अंगणात आयुष्य काढलेल्या म्हाताऱ्या ठाकर माणसाला लोखंडी पेटीत दिवस काढायला लावणं ही त्याच्यासाठी दुसरी आपत्ती ठरू शकते.

सप्टेंबर २०२५ मध्ये अतिवृष्टीने धाराशिव जिल्ह्यातच परंडा-भूम भागात गावं पाण्याखाली गेली. घरांच्या छपरांवर रात्र काढलेल्या माणसांना बोटीतून, हेलिकॉप्टरमधून काढावं लागलं. पाणी ओसरल्यावर पंचनामे सुरू झाले. राष्ट्रीय निकषांनुसार सपाटीवरचं पक्कं घर पूर्ण पडलं तर १ लाख २० हजार, दुभतं जनावर दगावलं तर ३७,५०० रुपये. भरपाई वेळेवर मिळणं अत्यावश्यकच आहे. त्याच पंचनाम्याच्या फेरीत तलाठी आणि ग्रामसेवकाने आणखी चार गोष्टी टिपल्या तर फार बदलेल: घरात सत्तरीवरचं कुणी आहे का, ते स्वतः चालतं का, रोजचं औषध कुठलं, आणि त्यांना सांभाळतं कोण. एवढ्या माहितीवर तात्पुरत्या निवाऱ्यात त्यांना पाण्याच्या नळाजवळची जागा देता येईल, प्राथमिक आरोग्य केंद्राला गोळ्यांची यादी देता येईल, आणि कायमची घरं वाटताना भावाशेजारी भाऊ, लेकीशेजारी आई ठेवता येईल.

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्राच्या लोकसंख्येत साठीवरच्यांचा वाटा ९.९ टक्के होता. तो वाढतच आहे, आणि खेड्यांत अधिक दिसतो, कारण तरुण पुण्याला, हैदराबादला, मुंबईला गेले आहेत. नव्या किल्लारीत, नव्या सास्तुरात १९९३ मध्ये जी सून तिशीत होती, पत्र्याखाली सासूला पाणी पाजत होती, पडवी काढून तिची बाज टाकत होती, ती आता साठी ओलांडून गेली आहे. घरालाही तीस वर्षं होत आली. अनेक छतांना गळती आहे, सळया उघड्या पडल्या आहेत. तिच्या पिढीसाठी तीन कामं तातडीची आहेत. राहिलेले कबाले शिबिर लावून, घरातल्या बाईचं नाव घालून वाटणं हे तहसीलचं काम. छतांच्या दुरुस्तीसाठी आणि पायरी-मोरीतल्या बदलांसाठी स्वतंत्र निधी ठेवणं हे जिल्हा परिषदेचं. आणि आशा कार्यकर्तीने एकट्या राहणाऱ्या वृद्धांच्या दारात आठवड्यातून एकदा जावं, त्या फेरीचा तिला वेगळा मोबदला मिळावा, हे आरोग्य विभागाचं. यांपैकी कुठल्याही कामासाठी नवा कायदा लागत नाही.